बसमधली जपमाळ आणि टीएचं बिल

ताई, जय ख्रिस्त.

मी जालन्याचा, वय २७. एका बियाणे कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. आठवड्यातले चार-पाच दिवस मंठा, परतूर, सेलू, जिंतूर, परभणी अशी फिरती असते. आम्ही कॅथलिक. घरी रोज रात्री जपमाळ होते, पण घराबाहेर पडलो की मी वेगळाच माणूस होतो. गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत असतो. ढाब्यावर जेवायला बसलो की क्रुसाची खूण करायला हात उचलत नाही. रविवारी बाहेर असलो तर मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, बुडते. आडनावावरून कोणाला काही कळत नाही आणि मीही कळू देत नाही. मागे ऑफिसचे सगळे तुळजापूरला गेले, तेव्हा तब्येतीचं कारण सांगून मी टाळलं. वडील म्हणतात, आपण मूठभर लोक, कशाला दाखवायचं? मला मात्र हा भित्रेपणा वाटतो. मोबाईलवर 'बेधडक श्रद्धा जगा' सांगणारे व्हिडिओ बघितले की आणखीच अपराधी वाटतं. बाकी काम ठीक चाललंय. टीएची, म्हणजे प्रवासभत्त्याची, बिलं सगळे वाढवून लावतात, मीही लावतो, पण ते वेगळं. माझ्या श्रद्धेचं मी काय करू?

– फिरतीवरचा, जालना

लेकरा, जय ख्रिस्त. माझी भाचरं तुझ्याच वयाची आहेत, म्हणून तुला अरे-तुरे करते आहे.

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं ते एक गोष्ट शोधायला. कोणी तुला हिणवलं, धमकावलं, नोकरीत अडवलं, असं काही घडलंय का? तसं पत्रात काहीच नाही. काही घडायच्या आधीच भीती येऊन बसली आहे. ती उगीच आली असं मी म्हणणार नाही. प्रार्थनासभा बंद पाडल्याच्या, धर्मांतराच्या संशयावरून भांडणं झाल्याच्या बातम्या तूही वाचतोस आणि मीही. पण बातमीतली माणसं वेगळी आणि तुझ्यासोबत ढाब्यावर बसणारी वेगळी. ही तुला नावानं ओळखतात, तुझ्या डब्यातली भाजी खातात. बातमीतली भीती त्यांच्यावर लादू नकोस.

तुझ्या रोजच्या एसटीत जरा नजर फिरव. आषाढीच्या आधी तुळशीमाळ घातलेले वारकरी चढतात. नवरात्रात कवड्यांच्या माळा आणि हातात परडी घेऊन आराधी मंडळी तुळजापूरच्या गाडीत बसतात. नांदेडच्या गाडीत हुजूर साहिबला निघालेले शीख यात्रेकरू असतात, खुलताबादच्या उरुसाला जाणारे असतात. परळी, औंढा आणि वेरूळची वर्दळ तर बारमाही. श्रद्धा अंगावर वागवत प्रवास करणं ही मराठवाड्याची रीतच आहे. त्या गाडीत तुझा क्रूस एखाद्याला खटकेलही. बहुतेकांना मात्र हा पोरगा देवाला मानणारा आहे एवढंच दिसेल, आणि देवाला मानणाऱ्याला आपल्याकडे सहसा कोणी वाईट म्हणत नाही.

व्हिडिओंचं म्हणशील तर ते काही दिवस बाजूला ठेव. येशूनं या बाबतीत दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्ही एकाच डोंगरावरच्या प्रवचनात आहेत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. लगेच सहाव्या अध्यायात, लोकांनी बघावं म्हणून नाक्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना तो फटकारतो आणि खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगतो. दोन्ही पाळायचं कसं? मी स्वतःला एक प्रश्न विचारते: आजूबाजूला कोणी नसतं, तर मी हे केलं असतं का? उत्तर हो आलं, तर लोकांसमोरही करायचं. नाही आलं, तर लोकांसाठी म्हणून करायचं नाही. तू घरी जेवणाआधी क्रुसाची खूण करतोस, मग ढाब्यावरही कर. घरी तू मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणत नाहीस, तर एसटीतही म्हणू नकोस. घरी जो आहेस तोच बाहेर असायचं, मला तरी धीटपणा एवढाच कळतो.

सगळं एका दिवसात करायला जाऊ नकोस. आधी जेवणाआधीची खूण, एवढंच धर. पहिल्या दिवशी कोणीतरी बघेल, कदाचित विचारेल. महिन्याभरात तुझ्याआधी कोणी घास घेतला तर तोच थांबेल. क्रूस शर्टाच्या आत की बाहेर यावर मी तुझी झोप उडवणार नाही, तो घालण्याची चर्चची सक्ती नाही. आत राहिला तरी चालेल, पण गळ्यात काय आहे असं कोणी विचारलं तर 'काही नाही' म्हणू नकोस.

जपमाळ तर फिरतीच्या माणसासाठीच असावी असं मला वाटत आलंय. वीसेक मिनिटांत पाचही रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले मनन करायचे प्रसंग, होतात, मंठा यायच्या कितीतरी आधी. मणी खिशात असले तरी बोटांना कळतं. बहुतेक फिरती सोमवारीच सुरू होते, आणि सोमवारची रहस्यं आनंदाची. त्यातलं दुसरंच रहस्य प्रवासाचं आहे. देवदूताचा निरोप नुकताच आलेला, पोटात बाळ, आणि मरिया डोंगराळ मुलुखातून एलिझाबेथच्या गावाला निघाली. कोणाला तरी मदत हवी होती म्हणून निघाली. तुझी बॅग खांद्यावर असताना हे रहस्य म्हणून बघ.

आता वडिलांचं. त्यांना भित्रं म्हणू नकोस, मनातही नको. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या यादीबाहेर ठेवलं. पुढे १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी दुरुस्ती झाली, आपल्यासाठी झाली नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी कागद आणि प्रार्थना यांच्यामधली, कागदावर एक धर्म आणि घरात दुसरा अशी, ही ओढाताण वर्षानुवर्षं सोसली आहे. तुझ्या घरी तसं आहे का, ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारतही नाही. असलंच, तर एखाद्या जाणत्या वकिलाशी बोल, चहाच्या टपरीवर त्याची चर्चा नको. पण ज्या माणसानं गप्प राहून का होईना लेकरांना बाप्तिस्मा दिला, शिकवलं आणि घरातली रात्रीची जपमाळ एक दिवस मोडू दिली नाही, त्याच्या श्रद्धेला कमी लेखायचा तुला-मला अधिकार नाही. त्यांना सांग, 'बाबा, मी कोणाशी वाद घालणार नाही, फक्त खोटं बोलणार नाही.' धर्म मानण्याचं, पाळण्याचं स्वातंत्र्य संविधानाच्या २५ व्या कलमानं दिलंय, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यांची काळजी कायद्याची नसून तुझी आहे.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला सोडवत नाही. टीएची बिलं सगळे वाढवून लावतात, मीही लावतो, 'पण ते वेगळं', असं तू लिहिलंस. ते वेगळं नाही, लेकरा. माझ्या मते तुझ्या श्रद्धेची खरी कसोटी तिथंच लागणार आहे, क्रुसाच्या चेनवर नाही.

समजा खोली ४०० रुपयांची आणि बिल ७०० चं. वरचे ३०० तुझे नाहीत. चोरी करू नकोस ही आपल्या क्रमानं सातवी आज्ञा, आणि सगळेच करतात म्हणून ती सैल होत नाही. पुढच्या महिन्यापासून जेवढा खर्च तेवढंच बिल लाव. कोणाला उपदेश करू नकोस, वरिष्ठांकडे कोणाची तक्रारही घेऊन जाऊ नकोस. तरी त्रास होईलच. तुझं ४०० चं बिल त्याच लॉजच्या ७०० च्या बिलाशेजारी जाऊन पडेल आणि सोबतचे चिडतील. ढाब्यावरच्या खुणेला कोणी काही म्हणणार नाही, या बिलाला म्हणतील. तेव्हा आवाज न चढवता एवढंच म्हण, 'तुमचं तुम्ही बघा, मला जमत नाही.' कारण विचारलं तर खरं कारण सांग. येशू जेवायला घरी आला तेव्हा जक्कयानं, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत देईन, असा शब्द दिला. तू आधी घेतलेल्याचं काय करायचं, ते फादरांशी पापनिवेदनात बोल. पैसे परत करणं हा त्या पश्चात्तापाचाच भाग आहे, आणि ते कसं करायचं याची वाट ते दाखवतील.

तसंच बियाण्याचं. जूनमध्ये शेतकरी पिशवी हातात घेऊन विचारतो, 'साहेब, उगवंल ना?' टार्गेट तुझ्या डोक्यावर असतं, तोंडातून 'डोळे झाकून पेरा' निघतं. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्याचं टरफल नाजूक, पोती आपटली की उगवण घटते, हेही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या आणि दुबार पेरणीचा बोजा शेतकऱ्यावर पडला. तेव्हा त्याला खरं सांग: 'दादा, ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा, सत्तरच्या वर कोंब आले तरच पेरा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत थांबा. पावती आणि पिशवीवरचं लेबल जपून ठेवा.' एखाद-दुसरी पिशवी कमी खपेल. पण कर्ज काढून पेरणाऱ्या या मुलखात शेतकऱ्याशी खरं बोलणं ही मला प्रार्थनेइतकीच श्रद्धेची गोष्ट वाटते.

इथं मला सिस्टर राणी मारिया आठवतात. केरळच्या, पण काम मध्य प्रदेशात, इंदूरकडच्या उदयनगर भागात. आदिवासी शेतकऱ्यांना त्यांनी सावकारांच्या तावडीतून सोडवायला सुरुवात केली, त्यांचे गट बांधले. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी मारेकरी धाडला. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या इंदूरला निघाल्या होत्या, आपण बसतो तसल्याच प्रवासी बसमधून, आणि त्या बसच्या प्रवासातच त्यांना मारलं. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली आणि तो माणूस पार बदलला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारिया यांना चर्चनं धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. तुझ्यावर असा प्रसंग येईल म्हणून हे सांगत नाही. लोकांच्या लक्षात त्या कशामुळे राहिल्या ते बघ. गरिबाच्या हिशेबात त्या खोटेपणा चालू देत नव्हत्या.

मिस्साचं सोपं आहे, तू ते अवघड करून बसलायस. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारसाठी धरली जाते, आणि ती जगातल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये चालते. मराठवाड्याचे आठही जिल्हे आपल्या एकाच धर्मप्रांतात येतात. तो १९७७ मध्ये स्थापन झाला, संभाजीनगरला त्याचं कॅथेड्रल, म्हणजे मुख्य चर्च, आहे. तुझ्या फादरांना एकदा विचारून फिरतीच्या गावांच्या चर्चचे फोन मोबाईलमध्ये ठेव आणि निघण्याआधी वेळ विचारून घे. फिरतीचा बेत आखताना आपण लॉज बघतो, जेवणाची सोय बघतो, तशी मिस्साही बघायची. एखाद्या रविवारी खरंच शक्य नसेल, चर्च दूर असेल, गाडी नसेल, तर ते पाप नाही. अशा वेळी त्या दिवसाची वाचनं वाचून प्रार्थनेला वेळ द्यावा, असं चर्च सुचवतं. 'शक्य नव्हतं' आणि 'उठवलं नाही' यातला फरक मात्र तुझा तुलाच कळेल.

उपवासाच्या बाबतीत तर तू नशीबवान आहेस, कारण मराठवाड्यात उपवास कोणाला समजावून सांगावा लागत नाही. एकाची एकादशी, दुसऱ्याचा श्रावणी सोमवार, तिसऱ्याचा रोजा. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मटणाची ऑर्डर देताना 'आज माझा शुक्रवार आहे, मला पिठलं-भाकरी सांगा' एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारलाच, तर भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस समजावून सांगायला तुला ढाब्यावर निवांत वेळ मिळेल.

तुळजापूरला न जाण्यात काही चुकलं नव्हतं, चुकलं ते खोटं कारण सांगण्यात. पुढच्या वेळी जा, नाहीतर खरं सांगून राहा. २८ ऑक्टोबर १९६५ ला कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं इतर धर्मांविषयीच्या जाहीरनाम्यात स्पष्ट सांगितलं, की त्यांच्यात जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. तेव्हा मित्रांसोबत जायला, पायताण काढायला, कोणाच्या म्हाताऱ्या आईचा हात धरून पायऱ्या उतरवायला काहीच हरकत नाही. पूजा, आरती, अभिषेक मात्र उपासना आहे, आणि आपली उपासना एकाच देवाची. तिथं मंडपात शांत उभा राहा. आधीच गाडीत सांगून ठेव, 'मी येतो, पण पूजेला बसणार नाही, मी ख्रिस्ती आहे.' अगदी दारात गेल्यावर मागे सरलास तर समोरच्याला अपमान वाटतो, आधी सांगितलं तर वाटत नाही.

प्रसादावर आपल्यातच मतं वेगळी आहेत. करिंथकरांना लिहिताना संत पौल म्हणतो, की मूर्ती म्हणजे काही नाही, अन्नानं आपण देवाच्या जवळही जात नाही की लांबही जात नाही. पण पुढ्यातलं अन्न अर्पण केलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या सद्सद्विवेकासाठी ते खाऊ नये, असंही तो म्हणतो. मी स्वतः पूजेच्या जागी हात पुढे करत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी प्रेमानं पेढा हातावर ठेवला, तर ती त्याची माया समजून घेते. तुझ्या फादरांना विचार, त्यांचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐक.

आणि कोणी श्रद्धेबद्दल विचारलं तर? पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय, की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. त्यानं विचारलं तेवढंच सांग, चार वाक्यांत. समोरचा भांडायलाच आला असेल तर बोलणं थांबव आणि उठून दुसऱ्या सीटवर जा. येशूही जिवावर बेतलं तेव्हा काही काळ यहुदियात फिरकला नव्हता. जानेवारी २०२० मध्ये आपल्या धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, त्या पदावर निवडले गेलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवड झाल्यावर विरोध झाला, आक्षेप घेतले गेले. फादरांनी ना आपलं धर्मगुरूपण लपवलं, ना मराठीपण. मराठवाड्याच्या लोकांनी त्यांना मानानं ऐकलं. तुझ्या वडिलांना हे आठवत असेल, विचारून बघ.

माय आणि मतमाउली, या दोघींसाठी एक प्रवास मी सुचवते. हरेगाव फार लांब नाही, गोदावरी ओलांडली की श्रीरामपूर तालुक्यातच. मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा तिथं १९४९ पासून भरते, सप्टेंबरमध्ये, मरियेच्या जन्माच्या सणाच्या सुमारास. एवढे मराठी ख्रिस्ती लोक एका जागी तू पाहिले नसशील, तर बघ. आपण मूठभर हे मनातून थोडं उतरेल. मायचे गुडघे दुखत असतील तर यात्रेचे दिवस टाळून एरवी जा, रांगेत तासन् तास उभं राहणं तिला झेपायचं नाही. येताना घोगरगावला थांबता आलं तर थांबा. फ्रान्सहून आलेल्या फादर गुरियन जाकिए यांनी त्या भागात आयुष्य काढलं, त्यांची समाधी तिथं आहे. वेळांकणीची हौस असेल तर २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हे सणाचे दिवस सोडून तिकीट काढ.

ऑफिसातलं किंवा लॉजवरचं कोणी 'मीही येतो' म्हणालं तर खुशाल ने. निघण्याआधी त्याला दोन गोष्टी सांगून ठेव. मिस्सात सगळे उभे राहतात तेव्हा तो उभा राहिला आणि बाकी वेळ बाकावर बसून राहिला तरी चालतं. आणि ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, कॅथलिकांनीच घ्यायचा असतो, त्यामुळे लोक रांगेत जायला लागले की त्यानं जागेवर थांबावं. हे आधी कळलं असेल तर ऐनवेळी त्याला अवघडल्यासारखं होणार नाही.